झीज आणि वय

टायर हा ललित लेखनाचा विषय होऊ शकत नाही, असे कुणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. तो काळा असतो, गोल असतो, पंक्चर होईपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही, आणि होते तेव्हा ती सुखद नसते. तरीही गेल्या ऑक्टोबरात चार टायर निवडण्यापायी आमची जी तीन आठवडे घालमेल झाली, तेवढी घर घेतानाही झाली नव्हती. त्या तीन आठवड्यांत रबराविषयी थोडेफार कळले. स्वतःविषयी जे कळले ते मात्र फारसे भूषणावह नव्हते. त्याचाच हा कबुलीजबाब.

आमच्यापाशी १९९१ सालची माझ्दा मियाटा आहे. अमेरिकेबाहेर तिला एमएक्स-५ म्हणतात. दोनच आसने, उघडता येणारे कापडी छत, सोळाशे सीसीचे इंजिन, ११६ अश्वशक्ती, आणि वजन हजार किलोंच्या आत. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली. तिच्या निर्मितीची धुरा वाहणाऱ्या तोशिहिको हिराई ह्यांनी आपल्या चमूपुढे 'जिनबा इत्ताई' हे सूत्र ठेवले होते. घोडा आणि स्वार ह्यांचे एकरूप होणे, असा त्या जपानी शब्दांचा अर्थ. आता ताकदीच्या हिशेबात ह्या घोड्याची मातब्बरी उरलेली नाही. सिग्नल सुटल्यावर शेजारची बाळबोध कौटुंबिक मोटार आमच्या पुढे निघून जाते. पण ही गाडी कधीच सरळ रस्त्यासाठी नव्हती. ती वळणासाठी आहे. चांगल्या वळणावर ती रस्त्याचा पोत सुकाणूतून थेट तळहातापर्यंत पोहोचवते, आणि त्या एका अनुभवासाठी आम्ही २००३ साली, अविवाहित आणि बेजबाबदार असताना, सिॲटलजवळच्या एका सद्गृहस्थाकडून ती विकत घेतली.

पुढे यथाकाल लग्न झाले, कन्या झाली, मागे बाळाचे आसन बसेल अशी मोठी गाडी आली, आणि मियाटा गराजमध्ये चादरीखाली गेली. २०१३ च्या उन्हाळ्यात तिला शेवटचे नवे टायर घातले. त्यानंतरच्या बारा वर्षांत ती जेमतेम नऊ हजार किलोमीटर चालली. वर्षातून दोनतीनदा चादर काढायची, एखाद्या रविवारी स्नोक्वाल्मी खिंडीपर्यंत जाऊन यायचे, पुन्हा चादर घालायची. अमेरिकेत टायरची नक्षी मोजण्याची एक घरगुती रीत आहे. एका सेंटचे नाणे नक्षीच्या खाचेत उलटे धरायचे. लिंकनसाहेबांचे डोके पूर्ण दिसू लागले की खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, टायर बाद. आमच्या टायरांत लिंकनसाहेब कपाळापर्यंत बुडत. ते पाहून आम्हाला दरवेळी कृतकृत्य वाटे.

ऑक्टोबरच्या पहिल्या पावसात कन्येला शिकवणीहून आणायला आम्ही मियाटा काढली. मोठी गाडी सौ. घेऊन गेल्या होत्या, एवढेच निमित्त. सिॲटलचा उन्हाळा कोरडा असतो, आणि महिनोन्महिने रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. महामार्गावरून उतरणाऱ्या वळणदार रॅम्पवर आमचा वेग ताशी तीस मैल, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर होता. तिथे लावलेल्या पाटीवरही तोच आकडा होता. वळणाच्या मध्यावर मागची बाजू किंचित हलली. त्या क्षणी जे करू नये तेच आम्ही केले, ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. वजन पुढे गेले, मागची चाके हलकी झाली, आणि गाडी शांतपणे, जवळजवळ सभ्यपणे, स्वतःभोवती फिरली. थांबली तेव्हा आमचे तोंड आलो त्या दिशेला होते आणि मागून येणारा ट्रक बऱ्याच अंतरावर दिवे लुकलुकवत थांबला होता. कुठे ओरखडा नाही, कुणाला लागले नाही. कन्या फक्त "बाबा" एवढेच म्हणाली, आणि ते प्रश्नार्थक नव्हते.

घरी येईपर्यंत आम्ही तिला रस्त्यावरच्या तेलाविषयी सविस्तर समजावून सांगितले. बोललो ते सगळे खरे होते आणि तरीही ती लबाडी होती.

आमची कन्या सतरा वर्षांची आहे. तिला तिसऱ्या पेडलची, क्लचची, गाडी शिकायची असल्यामुळे मियाटावर तिचा डोळा आहे. संध्याकाळी ती फोनचा दिवा लावून गराजमध्ये जमिनीवर आडवी झाली आणि चाकाच्या आतल्या बाजूला काहीतरी शोधू लागली. थोड्या वेळाने तिथूनच तिने विचारले, "बाबा, २३१३ म्हणजे काय?"

आम्हाला ठाऊक होते. टायरच्या कडेवर 'डॉट' ह्या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, आणि २००० सालापासून तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१३ म्हणजे २०१३ सालचा तेविसावा आठवडा. ही ओळ संपूर्ण स्वरूपात बहुधा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि आमच्या चारही चाकांत ती बाजू नेमकी आत गेली होती. पण दिसत नव्हती म्हणून ठाऊक नव्हती, असे आम्ही म्हणू शकत नाही. टायर आम्हीच घेतले होते. दहा वर्षे उलटून गेल्याचेही ठाऊक होते. टायर बनवणारे सांगतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांनंतर वापरू नका. काही मोटारनिर्माते तर सहाव्याच वर्षी बदला म्हणतात. हे सारे आम्ही वाचले होते, इतरांना ऐकवलेही होते. मुलीला मात्र आम्ही म्हणालो, "तारीख आहे ती." तिने मनातल्या मनात वजाबाकी केली असावी, कारण पुढे काही विचारले नाही.

आपण असे का वागलो, ह्याचा विचार करताना आम्हाला आमचे वडील आठवले. साताऱ्याच्या घरी स्कूटर होती आणि तिचे टायर वडील ठरावीक दिवसांनी पुढचे मागे, मागचे पुढे, मग स्टेपनीचा पाळीने पुढे, असे फिरवत. टायर पार गुळगुळीत झाल्याखेरीज नवा येत नसे, आणि गेलेला टायरही वाया जात नसे. विहिरीच्या कठड्यापाशी घासू नये म्हणून, मुलांच्या झोपाळ्याला, कुठे ना कुठे तो लागे. ट्रकवाल्यांचे रिमोल्ड केलेले टायर तर दोन-दोन जन्म घेत. ज्यात अजून झीज शिल्लक आहे ती वस्तू टाकून देणे हे त्या घरात पाप होते. आम्ही अमेरिकेत येऊन पुष्कळ काही सोडले; हे पापपुण्य सुटले नाही. वडिलांचे चुकत नव्हते. त्यांची स्कूटर रोज चालत होती, त्यामुळे टायर म्हातारा होण्याआधीच झिजून संपत असे. झीज आणि वय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा प्रश्नच त्यांच्यापुढे कधी आला नाही. आमच्यापुढे आला, आणि आम्ही त्यांच्या काटकसरीचे नाव पुढे करून तो टाळला.

रबर म्हातारे कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ च्या सुमारास चार्ल्स गुडइयरला त्यात गंधक घालून तापवण्याची युक्ती सापडली. रबराच्या लांबच लांब रेणुसाखळ्यांमध्ये गंधकाचे छोटे पूल बांधले जातात, त्यामुळे ताणलेले रबर पुन्हा मूळ आकारावर येते. गोम अशी की हे बांधकाम कारखान्यात संपत नाही. उष्णता आणि हवेतला प्राणवायू ह्यांच्या संगतीत वर्षानुवर्षे नवे बंध पडत राहतात, जुने तुटतात, आणि रबर हळूहळू कडक होते. रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून त्याला धरून ठेवणे हे टायरचे काम. कडक रबर त्या खडबडीवर नुसते टेकते. नक्षी पाण्याला वाट करून देते खरी, पण धरण्याचे काम तिचे नव्हे, रबराच्या मऊपणाचे. तो मऊपणा नाण्याने मोजता येत नाही.

दुसरा शत्रू ओझोन. हवेत तो अत्यल्प असतो, पण ताणलेल्या रबराला तेवढा पुरतो. कडेवर केसासारख्या भेगा पडतात त्या त्याच्याच. त्याच्यापासून बचाव म्हणून रबरात मेण आणि काही संरक्षक रसायने मिसळलेली असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन आपण होऊन ओझोनला बळी जातात. जुन्या टायरवर जी तपकिरी झाक दिसते ती बव्हंशी ह्यांचीच. आणि आम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे: टायर चालता राहिला, प्रत्येक फेऱ्याला दबत-उसळत राहिला, म्हणजे ही रसायने पृष्ठभागाकडे येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. बारा वर्षे चादरीखाली आम्ही गाडी जपत होतो असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात न वापरण्याने तिचे टायर लवकर मरत होते. परदेशात राहून मराठी लिहिणाऱ्या माणसाला ह्यावरून आणखी काय काय सुचले असेल ते सांगत बसत नाही.

ज्या वर्षी आम्ही ते टायर घेतले, त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०१३ रोजी, कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्श कॅरेरा जीटीत बसला होता तिला अपघात झाला आणि तो व चालक दोघेही गेले. तपासात कारण ठरले ते वेगाचे. ताशी पंचेचाळीस मैलांच्या रस्त्यावर गाडी ऐंशीच्या वर होती. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे तिच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकेल, हेही तपासनिसांनी नोंदवले. ती बातमी वाचून आम्ही तेव्हा मान हलवली होती. इतकी मोलाची गाडी आणि टायर जुने ठेवतात! नऊ वर्षे हा आकडा त्या वेळी आम्हाला अक्षम्य वाटला होता.

असो. टायर बदलायचे ठरले. आता कोणते?

एक हिशेब आधी मांडू. गाडी आणि दोन माणसे मिळून अकराशे किलो धरले तर एका चाकावर पावणेतीनशे किलो येतात. ह्या गाडीसाठी माझ्दाने हवेचा दाब सांगितला आहे २६ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८३ किलो. भागाकार केला की दीडशे चौरस सेंटिमीटर उरतात. आपल्या टपालखात्याच्या पोस्टकार्डाहून थोडा मोठा तुकडा. अशा चार पोस्टकार्डांवर सगळा संसार असतो. नव्या गाड्यांत निदान घसरण ओळखून चाके आवरणारी यंत्रणा असते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती प्रत्येक मोटारीला सक्तीची आहे. आमच्या गाडीत तसले काही नाही. मध्ये कुणी नाही: एका टोकाला आमचा पाय आणि दुसऱ्या टोकाला पोस्टकार्ड.

मूळ टायर १८५/६० आर १४ मापाचा. रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या साठ टक्के, रिंग चौदा इंची. १९९१ साली हे माप सर्रास मिळे. आता मोटारींची चाके सोळा, अठरा, वीस इंचांची झाली, आणि चौदा इंचांत जे मिळते ते बहुतेक साध्यासुध्या, काटकसरी गाड्यांसाठी बनवलेले असते. जुन्या वेगवान गाड्यांच्या मालकांचे हे सार्वत्रिक दुखणे आहे. ज्यांच्या गाड्यांना मिशेलिनच्या टीआरएक्स टायरसाठीच्या, इंचात नव्हे तर मिलिमीटरमध्ये मोजलेल्या रिंगा आहेत, त्यांची अवस्था तर आणखी बिकट. दुसरे कुठलेच टायर त्यांवर चढत नाहीत. गाडीचे इंजिन पन्नास वर्षे राखता येते, टायर मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीने बनत राहावे लागतात.

मियाटावाल्यांनी ह्यावर शोधलेली वाट म्हणजे पंधरा इंची रिंगा आणि १९५/५० आर १५ हे माप. मूळ टायरचा व्यास ५७७.६ मिलिमीटर भरतो, ह्याचा ५७६. फरक दीड मिलिमीटरचा, म्हणजे वेगदर्शकालाही कळू नये इतका. आणि ह्या मापात खरी मौज मिळते: रस्त्यावर चालवण्याची परवानगी असलेले, पण शर्यतीच्या मैदानासाठी जन्मलेले टायर. त्यांच्या कडेवर 'ट्रेडवेअर २००' असे लिहिलेले असते. हा आकडा टिकाऊपणाचा. टेक्सासात सॅन अँजेलोजवळ चारशे मैलांचा एक ठरलेला मार्ग आहे. त्यावर गाड्यांचा तांडा ७,२०० मैल चालवतात आणि प्रमाण टायरच्या तुलनेत झीज मोजून गुण देतात. प्रमाण टायर शंभर धरला तर दोनशेचा टायर दुप्पट टिकावा, सहाशेचा सहापट. मात्र गुण कंपनी स्वतःच्या टायरला स्वतःच देते, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपून करावी. त्याच्या शेजारचे एए किंवा ए हे अक्षर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे; पण तेही सरळ रेषेत ब्रेक मारण्यापुरते, वळणाविषयी ते काहीच बोलत नाही. आमचा अपघात वळणावर होता होता राहिला होता.

पहिले दोन आठवडे आम्ही दोनशेवाल्यांच्याच नादात होतो. कारण उघड होते: घसरलो, तेव्हा पकड हवी; जास्तीत जास्त पकड हवी. रिंगांसह खर्च दीड हजार डॉलरच्या घरात जात होता. सौ.ना आम्ही सुरक्षिततेचा मुद्दा पटवून दिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की ही सुरक्षितता गाडीला हवी आहे की तुला? आम्ही तो विनोद समजलो.

रिंगांची चौकशी करायला ज्या दुकानात गेलो तिथला कारागीर सत्तरीचा असावा. त्याने आमचे म्हणणे ऐकून घेतले, मग टायरच्या नक्षीत नख रुतवून पाहिले. नख रुतले नाही. तो म्हणाला, गाडी कधी चालवता? पावसात? आम्ही म्हटले, मुलगी शिकणार आहे, तेव्हा पावसातही. इकडे पाऊस टाळून गाडी शिकायची तर जुलैची वाट पाहावी लागते. मग त्याने जे सांगितले त्याचा सारांश असा. हे मैदानी टायर तापल्यावर काम करतात. उन्हाळी रबर सात अंश सेल्सियसच्या खाली ताठरू लागते, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येक दिवस त्याच्याच आसपास असतो. शिवाय भारी टायर पुष्कळ वेळ धरतो, पण सुटतो तेव्हा बहुधा एकाएकी सुटतो, आणि तोवर तुमचा वेग बराच वाढलेला असतो. ही गाडी बनवणाऱ्यांनी बेताच्या पकडीचा टायर धरूनच तिचे सस्पेन्शन बेतले. उंच कडेचा टायर आधी वाकतो, मग कुरकुरतो, मग सरकतो. शिकणाऱ्याला ह्या तीन पायऱ्या हव्यात.

आमच्यातल्या साताऱ्याने अखेरचा प्रयत्न केला: दोनच बदलले तर? म्हातारा हसला नाही. दोनच घ्यायचे तर नवे मागे लावतो, म्हणाला. पुढची चाके सुटली तर गाडी सरळ जाते आणि तुम्हाला ते कळते, मागची सुटली तर गाडी फिरते. पण चारही टायर एकाच तारखेचे आहेत. ह्यातले कोणते दोन मुलीखाली ठेवू, ते तुम्ही सांगा.

आम्ही घरी परत आलो.

त्या रात्री दोनशेवाल्यांचा मोह निम्मा उतरला. उरलेला कन्येने उतरवला, तोही नकळत. आम्ही जेवताना संरक्षक रसायनांविषयी नुकतेच मिळवलेले ज्ञान पाजळत होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सिक्स-पीपीडीच ना? त्यानेच कोहो मरतात." आमच्या भागातल्या ओढ्यांत शरद ऋतूत कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून अंडी घालायला परत येतात. शहरी ओढ्यांत पावसानंतर ते अंडी घालण्याआधीच, काही तासांत, गरगरून मरत. वर्षानुवर्षे कारण सापडत नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये इथल्याच विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी ते शोधून प्रसिद्ध केले. टायर झिजून जी भुकटी रस्त्यावर पडते तिच्यात हे रसायन असते. ओझोनला बळी जाताना त्याचे एक वेगळे संयुग बनते, पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यात जाते, आणि कोहोला त्याचा अत्यल्प अंशही पुरतो. ज्याने आमचा टायर भेगांपासून वाचवायचा, तेच हे. मुलीला हे शाळेत शिकवले होते, आणि आम्ही तेवीस वर्षे ह्या ओढ्यांवरून गाडी नेत आहोत.

निर्दोष टायर बाजारात नाही. हे रसायन आजही जवळपास सर्वच टायरांत आहे. पण लवकर झिजणे हाच ज्याचा गुण, असा टायर केवळ रविवारच्या मौजेसाठी घ्यायचा, तर त्याची भुकटी कुठे जाते हे ठाऊक नसल्याचे सोंग आता करता येत नव्हते. एका वर्षात आणखी किती गोष्टी ठाऊक असून नसल्यासारख्या करणार?

सौ.चा प्रश्न तेव्हा कुठे विनोद वाटेनासा झाला. आम्ही पकड शोधत नव्हतो. २००३ सालचा तो अविवाहित, बेजबाबदार माणूस, ज्याच्या हाती ही गाडी प्रथम आली, त्याच्यासाठी आम्ही टायर शोधत होतो. मैदानी टायर घातले की तो परत येईल, अशी काहीतरी अंधश्रद्धा. बारा वर्षे टायर न बदलण्यामागेही तीच होती. तारीख वाचली असती तर टायरचेच काय, सगळ्यांचेच वय वाचावे लागले असते. नक्षी शिल्लक आहे तोवर सगळे तसेच आहे, ह्यावर विश्वास ठेवणे सोयीचे होते. गाडी आमच्यापेक्षा प्रामाणिक निघाली. तिने एका ओल्या वळणावर, ताशी तीस मैलांना, बेरीज करून दाखवली.

शेवटी मूळचेच माप घेतले: १८५/६० आर १४, बारमाही, वेगाची मर्यादा 'एच', म्हणजे ताशी २१० किलोमीटर, त्या वेगाच्या जवळपासही ही गाडी आमच्या हाती जाणार नाही. ओल्या रस्त्यावर चांगले म्हणून ख्याती असलेले, पण दिसायला इतके सामान्य की कुणी वळून पाहू नये. नवीन रिंगा नाहीत. चार टायर बसवून, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटसकट, ठरवलेल्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शात काम झाले. दुकानात आम्ही दोन गोष्टी आवर्जून केल्या. टायर घेण्याआधी चारही तारखा वाचल्या. नवा टायरही दुकानाच्या मांडणीवर वर्षानुवर्षे पडून असू शकतो. आणि तारखेची बाजू बाहेर येईल असे बसवायला सांगितले. ह्या टायरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ते शक्य होते. म्हाताऱ्याने कारण विचारले नाही.

नवे टायर सुरुवातीचे काही शे मैल थोडे निसरडे असतात. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला थर झिजून जावा लागतो. तेवढे अंतर आम्ही एकट्याने पूर्ण केले, रोज थोडे थोडे. कामावर जाताना, भाजी आणताना. बारा वर्षांत जितक्यांदा चादर काढली नव्हती तितक्यांदा त्या महिन्यात काढली, आणि मग ती घडी करून माळ्यावर टाकली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, पावसात, एका बंद कार्यालयाच्या मोकळ्या वाहनतळावर कन्या सुकाणूपाशी बसली. आम्ही शेजारी. क्लच तिने दोनदा गचके देऊन सोडला, तिसऱ्यांदा जमला. मग मोठ्या वर्तुळात गाडी फिरवायला सांगितली, हळूहळू वेग वाढवत. पंचवीस मैलांच्या आसपास टायर कुरकुरू लागले. "ऐकू आलं?" आम्ही विचारले. तिने मान डोलावली. आणखी थोडे, आणि मागची बाजू सरकू लागली, इतकी सावकाश की बोलायला वेळ होता. तिने पाय झटकन उचलला नाही. हळूच सैल केला, सुकाणू थोडे उलट फिरवले, आणि गाडी जागेवर आली.

ते तिला कुणी शिकवले, असे आम्ही विचारले नाही. रॅम्पवर त्या दिवशी ती आमच्या शेजारी बसली होती आणि आमच्या पायाकडे पाहत होती, एवढे पुरेसे होते. घरी आल्यावर तिने दाराशी वाकून चाकावरचे चार आकडे वाचले आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली, लिहून ठेवले. त्यांच्यापुढे दहा वर्षांनंतरचे साल आहे. तेव्हा आम्ही साठी ओलांडलेली असेल. हेही लिहून ठेवायला हरकत नाही.